भुलीचं इंजेक्शन कमी दुखावं म्हणून: कॅज्युअल्टीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

"डॉक्टर, टाके किती घालायचे ते घाला, पण ते आधीचं इंजेक्शन नको."

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधले एक माथाडी काका तळहाताला फडकं गुंडाळून ड्रेसिंग टेबलावर बसले होते. गोणीला अडकवायचा हूक निसटून हाताला लागला होता. दिवसभर ५० किलोच्या गोण्या पाठीवर घेणारा माणूस, आणि कपाळावर घाम होता तो त्या एका इंजेक्शनच्या आठवणीने. चार वर्षांपूर्वी दुसरीकडे कुठेतरी टाके पडले होते. टाके त्यांना आठवतही नव्हते, भुलीचं इंजेक्शन मात्र लख्ख आठवत होतं.

तुर्भे, रबाळे, महापेचे कारखाने, मार्केट, पाम बीच रोडवरचे दुचाकीवाले, दिवाळ्याच्या कोळीवाड्यातल्या कोयता लागलेल्या मावश्या. नवी मुंबईत कॅज्युअल्टीला लागलात की पहिल्याच आठवड्यात लोकल, म्हणजे जखमेपुरतं भुलीचं इंजेक्शन, द्यायची वेळ येते. टाका कसा घालायचा, गाठ कशी मारायची हे शिकवायला दहा जण पुढे येतात. लोकल कशी द्यायची हे मात्र कुणी बसून शिकवत नाही. "झायलो मार आणि टाके घे," एवढंच कानावर पडतं. झायलो म्हणजे लिग्नोकेन, भुलीचं औषध. मलाही एवढंच सांगितलं होतं. इंटर्नशिपमध्ये मी एका मावशींच्या तळहातात फ्रिजमधून काढलेलं २ टक्के लिग्नोकेन २२ नंबरच्या काळ्या सुईने पाच सेकंदांत रिकामं केलं. त्यांनी पदराचा बोळा दातांत धरला होता. टाके छान पडले, पण ते काढायला त्या परत आल्याच नाहीत. तेव्हापासून या विषयाकडे मी हलक्याने पाहू शकले नाही. भुलीचं दुखणं बरंचसं टाळता येतं, आणि ते टाळायला महागडं काही लागत नाही. दोन-तीन मिनिटं लागतात.

दुखतं कशाने, ते आधी समजून घ्या

तीन गोष्टी दुखतात. सुई टोचते, औषध झोंबतं आणि आत शिरणाऱ्या औषधाने ऊतक ताणलं जातं. पहिल्यावर उपाय सुईचा, दुसऱ्यावर औषध तयार करण्याचा, तिसऱ्यावर वेगाचा. टोचल्यावर रुग्ण ओरडतो म्हणून आपण सगळा दोष सुईला देतो. प्रत्यक्षात त्याला जास्त त्रास पुढच्या दोन गोष्टींचा होतो.

झोंबण्याचं कारण आम्लता. शरीराचा पीएच ७.४. साधं लिग्नोकेन साधारण ६ ते ६.५ पर्यंत असतं. रक्तस्राव कमी करणारं ॲड्रिनॅलिन घातलेलं असेल तर ते टिकावं म्हणून व्हायल (औषधाची छोटी बाटली) आणखी आम्लधर्मी ठेवतात, ४ च्या आसपास. पीएचचं माप दसपटीचं असल्याने ७.४ आणि ४ यांत हजारपटीहून जास्त फरक पडतो. लाल अक्षरांतली ॲड्रिनॅलिनवाली व्हायल साध्यापेक्षा जास्त झोंबते ती यामुळे.

सिरिंज हातात घेण्याआधी

जखमेपुढच्या भागाची संवेदना आणि हालचाल आधी तपासा आणि केसपेपरवर लिहा. बोट बधिर केल्यावर नस (मज्जातंतू) तुटली होती का, हे कुणालाच सांगता येत नाही. घाईत ही पायरी सर्वांत आधी सुटते. ती कधीही सोडू नका.

पूर्वी दातांच्या वेळी किंवा टाक्यांच्या वेळी भुलीचा त्रास झाला होता का, विचारा. वजन विचारा आणि डोस मोजा. साधं लिग्नोकेन किलोमागे ३ मिलिग्रॅम, ॲड्रिनॅलिनसह ७ मिलिग्रॅम. काही पुस्तकं साध्यासाठी ४.५ पर्यंत जातात, पण नव्या माणसाने ३ धरून चालावं असं माझं मत आहे. २ टक्के म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम. ५० किलोच्या बाईंना साधं २ टक्के ७.५ मिलीपर्यंत. १० किलोच्या बाळाला फक्त दीड मिली. लहान मुलांच्या बाबतीत हे गणित डोक्यात न करता कागदावर करा. तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात आवाज, असं काही रुग्ण म्हणाला तर तिथेच थांबा आणि सीनिअरना हाक मारा. औषध असं अंगावर चढलं तर लागणारी २० टक्के लिपिड इमल्शनची बाटली तुमच्या कॅज्युअल्टीत कुठल्या कपाटात आहे, हे पहिल्याच दिवशी सिस्टरना विचारून ठेवा.

औषध तयार करणं

त्वचेच्या टाक्यांना १ टक्का पुरतो. २ टक्क्यांनी जास्त बधिर होत नाही, फक्त डोसची मर्यादा लवकर गाठली जाते. म्हणून पातळ करा, आणि करताना आम्लताही मारा. १० मिलीच्या सिरिंजमध्ये ५ मिली २ टक्के लिग्नोकेन, ४ मिली सलाइन आणि १ मिली सोडियम बायकार्बोनेट. झालं १० मिली १ टक्का. आपल्याकडे ७.५ टक्क्यांचं बायकार्बचं अँप्युल मिळतं. परदेशी पुस्तकांत ८.४ टक्के लिहिलेलं असतं, पण कृती तीच राहते. व्हायल ॲड्रिनॅलिनची असली तरी हेच प्रमाण.

बायकार्बोनेटमुळे झोंबणं कमी होतं. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१० सालच्या समीक्षेचा निष्कर्षही तोच होता. शिवाय औषधाचा जो भाग विद्युतभाररहित असतो तोच नसेच्या आवरणातून आत जाऊ शकतो, आणि पीएच वाढला की तो भाग वाढतो. त्यामुळे भूलही लवकर चढते. मिश्रण त्या त्या रुग्णासाठी ताजं करा. ॲड्रिनॅलिन अल्कधर्मी औषधात टिकत नाही. सिरिंजमध्ये ढगाळ दिसलं तर फेकून द्या. ब्युपिव्हाकेन या दुसऱ्या भुलीच्या औषधात हे प्रमाण मुळीच वापरू नका, लगेच साका बसतो.

बायकार्ब नसेल तर निदान औषध कोमट करा. फ्रिजमधली गार व्हायल थेट वापरू नका. रुग्णाची माहिती लिहून घेईपर्यंत भरलेली सिरिंज मुठीत धरून ठेवली तरी फरक पडतो. कोमट पाण्याच्या वाटीत ठेवायची असेल तर पाणी मनगटाला कोमट लागेल इतपतच. मायक्रोवेव्ह अजिबात नको.

सुई

औषध ओढायला एक सुई, टोचायला दुसरी. व्हायलच्या रबरातून गेलेली सुई बोथट होते. ड्रेसिंग ट्रॉलीवर हिरवी २१ आणि काळी २२ सहज सापडते, म्हणून ती वापरली जाते. ती औषध ओढायला ठेवा. टोचायला तपकिरी २६ किंवा करडी २७ घ्या, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ३० नंबरची मिळाली तर उत्तमच.

आणि जवळजवळ प्रत्येक वॉर्डात असते ती इन्सुलिनची सिरिंज. ३१ नंबरची सुई, आणि सिरिंज यू-४० असेल तर ४० युनिट म्हणजे बरोबर १ मिली. तिची सुई काढता येत नाही, म्हणून ती व्हायलमध्ये खुपसू नका. दट्ट्या निर्जंतुक हाताने काढून मागून दुसऱ्या सिरिंजने औषध सोडा आणि दट्ट्या परत बसवा. पहिला अर्धा मिली हिने द्या, पुढचं २६ ने बधिर झालेल्या जागेतून. चेहऱ्यावर आणि लहान मुलांत मी हेच करते.

रुग्णाला आडवं करा

बसलेल्या माणसाला लोकल देऊ नका. चक्कर येऊन पडणारे बहुतेकदा तरणेबांड असतात. आडवं झोपवा, ट्रे आणि सिरिंज त्यांच्या नजरेआड ठेवा. स्पिरिट लावलं असेल तर ते वाळू द्या, ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की तेही झोंबतं.

बोलण्याचं म्हणाल तर "अजिबात दुखणार नाही" हे वाक्य बंद करा. पहिल्या टोचण्याला ते खोटं ठरतं आणि मग पुढचं काहीच खरं वाटत नाही. "थोडी कळ येईल हं, घट्ट व्हा," हेही नको. घट्ट व्हायला सांगितलं की माणूस घट्ट होतो. मी म्हणते, "काका, आता बारीक टोचेल. नंतर मी थांबणार आहे. तुम्ही सांगाल तेव्हाच पुढे जाईन." रुग्णाच्या हातात एवढा ताबा दिला की खांदे सैल पडताना दिसतात.

टोचण्याच्या वेळी

आता मुख्य भाग. कॅनडातले हाताचे शल्यचिकित्सक डोनाल्ड लॅलोंड यांनी जागेपणी हाताची शस्त्रक्रिया करताना ही पद्धत बसवली, आणि २०१३ साली त्यांच्या सहकाऱ्यांसह ती सविस्तर मांडली. मी खाली सांगते आहे ते बरंचसं तिथूनच आलेलं आहे.

हात आधी टेकवा. सिरिंज धरलेल्या हाताची करंगळीची कड रुग्णाच्या शरीरावर टेकलेली हवी आणि अंगठा दट्ट्यावर आधीच ठेवलेला हवा. नवखे लोक सुई आत घालतात आणि मग बोटं सरकवून अंगठा दट्ट्यावर नेतात. तेवढ्यात सुईचं टोक आत डुचमळतं. रुग्ण "आई गं" म्हणतो ते बहुतेकदा त्या क्षणी. घरी पाण्याने भरलेल्या सिरिंजने संत्र्यावर सराव करा. टोचल्यावर टोक हललं की सालीतलं भोक रुंदावतं, डोळ्यांनी दिसतं.

जागेजवळची त्वचा दुसऱ्या हाताने चिमटीत धरा, किंवा शेजारी बोटाने टपटप करा. स्पर्शाच्या मोठ्या तंतूंचा संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट अडवतो. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेला हा गेट कंट्रोल सिद्धांत. आपली आई गुडघा फुटला की भोवती चोळायची, त्यातलंच हे आहे. हातमोज्यात भरलेला बर्फ मिनिट-दोन मिनिटं धरला तरी चालतो.

सुई काटकोनात घाला, तिरपी नको. काटकोनात ती त्वचेच्या कमी जाडीतून जाते, वाटेत कमी नसा लागतात. टोक त्वचेखालच्या चरबीत हवं. पांढरा फुगवटा येईल असं त्वचेतच दिलं तर बधिर लगेच होतं, पण दुखतंही सर्वांत जास्त. दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना, पाहा.

अर्धा मिली सावकाश सोडा. मग थांबा. सुई तिथेच, हात स्थिर. "टोचलेलं अजून जाणवतंय का?" असं विचारा. १५ ते ४५ सेकंदांत बहुतेक जण म्हणतात, "नाही, गेलं." या ४५ सेकंदांत तुमच्या मागे ड्रेसिंगचे मामा, सिस्टर, पुढचा रुग्ण, सगळे उभे असतील आणि तुम्हाला वाटेल की आपण वेळ काढतोय. थांबा. या लेखातलं एकच काही पाळणार असाल तर हे पाळा.

पुढे सुई न सरकवता आणखी दीड-दोन मिली हळूहळू सोडा. त्वचा वर उचललेली, फिकी झालेली दिसेल. औषध सुईच्या पुढे जाऊ द्या आणि सुई त्याच्या मागून न्या. पुढचा साधारण एक सेंटिमीटर भाग फुगलेला असल्याशिवाय टोक पुढे न्यायचं नाही. पुन्हा टोचायचं झालं तर नव्या कोऱ्या त्वचेत टोचू नका, फिक्या झालेल्या पट्ट्यात कडेपासून सेंटिमीटरभर आत टोचा. नीट केलं तर आठ सेंटिमीटरची जखमही रुग्णाला एकाच टोचण्याची वाटते.

आणि टाके लगेच सुरू करू नका. साध्या लिग्नोकेनला दोन ते पाच मिनिटं द्या. ॲड्रिनॅलिनने रक्तस्राव कमी व्हायचा असेल तर आणखी जास्त, अर्ध्या तासाच्या जवळपास. लॅलोंड तेवढा वेळ देतात. कॅज्युअल्टीत तो मिळत नाही हे मला मान्य आहे, पण दहा मिनिटं तरी द्या.

उघड्या जखमेत

जखम आधीच उघडी असेल तर शाबूत त्वचेतून टोचण्याचं कारण नाही. कापल्या कडेतून, चरबीच्या थरात सुई घाला, ते कमी दुखतं. घाण झालेली, मातीची जखम असेल तर मात्र बाहेरून द्या, म्हणजे घाण आत ढकलली जाणार नाही. आधी पाचेक मिनिटं लिग्नोकेनमध्ये भिजवलेला गॉज जखमेत ठेवला तर पहिलं टोचणं आणखी सौम्य होतं. तेही औषध एकूण डोसमध्ये मोजा.

पू भरलेल्या गळवाचं वेगळं. तिथे ऊतक आधीच आम्लधर्मी असतं, भूल नीट चढत नाही, आणि ताणलेल्या गळवात आणखी औषध घातलं की रुग्ण कळवळतो. गळवाच्या भोवती, निरोगी भागात गोल द्या. मोठं गळू असेल तर हट्ट न धरता ऑपरेशन थिएटरमध्ये घ्या.

बोटाचं इंजेक्शन

बोट हा सर्वांत दुखरा भाग, आणि एमआयडीसीतल्या प्रेसवरून सर्वांत जास्त येतात ती बोटंच. जुन्या पद्धतीत बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी टोचतात. मी एकाच टोचण्यावर भागवते: तळव्याच्या बाजूला, बोटाच्या मुळाकडच्या पेरावर मधोमध, त्वचेखाली, सुमारे २ मिली. औषध दोन्ही बाजूंच्या नसांपर्यंत पसरतं. अंगठ्याच्या आणि बोटांच्या मागच्या बाजूला थोडं कमी पडू शकतं, तेव्हा आधी चिमटा लावून बघा. नंतर चार-पाच मिनिटं थांबा.

बोटात ॲड्रिनॅलिन कधीच नाही, हे आपण सगळे घोकतो. ही भीती प्रोकेन या जुन्या भुलीच्या औषधाच्या काळातली आहे. २००५ साली कॅनडातून प्रसिद्ध झालेल्या डलहौसी प्रकल्पात हात आणि बोटांत ॲड्रिनॅलिन दिलेल्या ३,११० रुग्णांत एकाचंही बोट काळं पडलं नाही. तरीही तुम्ही नवे आहात, म्हणून बोटात साधं लिग्नोकेनच वापरा आणि तुमच्या युनिटच्या पद्धतीने चला. ज्या बोटाचा रक्तपुरवठा आधीच कमी आहे, तिथे ॲड्रिनॅलिन नाहीच.

मुलं

हनुवटी फुटलेलं पाच वर्षांचं मूल चार जणांनी धरून लोकल द्यायची, हे बघवत नाही. आईच्या मांडीवर, आईची छाती त्याच्या पाठीला लागलेली, बाबांच्या हातात मोबाइलवर कार्टून. सुई येताना त्याला फुंकर मारायला सांगा: "केकवरची मेणबत्ती विझव बघू." इन्सुलिन सिरिंज, बायकार्ब घातलेलं औषध, भिजवलेला गॉज, हे सगळं मुलांसाठी नेहमीच करा. हातावर पूर्वनियोजित काही करायचं असेल, गाठ काढायची वगैरे, तर लिग्नोकेन-प्रिलोकेनचं क्रीम किमान ६० मिनिटं आधी लावून वर पारदर्शक फिल्म लावा. क्रीम फक्त शाबूत त्वचेवर. तान्ह्या बाळांत प्रिलोकेनमुळे मेथहिमोग्लोबिनेमिया (रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होणं) होऊ शकतो, त्यांच्यासाठी बालरोग विभागाला विचारूनच.

मुलाला "मुंगी चावेल" म्हणताना आई-बाबा मागून "काही नाही रे, डॉक्टर काही करणार नाहीत" म्हणत असतील तर त्यांना हळूच थांबवा.

रांग लागली असेल तेव्हा

दहीहंडीच्या रात्री ठाण्यात ड्युटी केलेल्यांना मी काय म्हणते ते कळेल. भिजलेले गोविंदा, कुणाची भुवई, कुणाची हनुवटी, बाहेर पथकातली पन्नास पोरं. अशा वेळी कुणी ४५ सेकंद थांबायचं? मी असं करते: पहिल्याला लोकल देते, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि पहिल्याकडे टाके घ्यायला परत येते. तोवर त्याला दहा मिनिटं मिळालेली असतात, भूल पूर्ण चढलेली असते, मध्येच "डॉक्टर, लागतंय" म्हणून पुन्हा टोचावं लागत नाही. एकूण वेळ कमीच लागतो. फक्त प्रत्येकाच्या कागदावर औषध, मिली आणि वेळ लगेच लिहा, सिरिंजवर त्या रुग्णाचं नाव असलेली पट्टी चिकटवा, आणि एकाची सिरिंज किंवा व्हायलमध्ये गेलेली सुई दुसऱ्याला कधीही लावू नका.

हिशेब ठेवा

आपली लोकल किती दुखते हे देणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्यालाच विचारावं लागतं. लॅलोंड आपल्या शिकाऊ डॉक्टरांचा गुणफलक रुग्णाकडूनच भरून घेतात. रुग्णाला आधीच सांगतात, पहिलं टोचणं सोडून पुढे जितक्या वेळा दुखेल तितक्या वेळा सांगा. एकदाही नाही, तर गोल्फच्या भाषेत 'होल इन वन'. मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारते. सुरुवातीला माझ्या एकेका रुग्णामागे चार-पाच रेघा असायच्या. तुम्हीही पहिल्या वीस रुग्णांच्या मारा. कुठे रेघ पडली ते शेजारी लिहा, "सुई पुढे नेताना", "लवकर सोडलं", "हात हलला". आठवड्याभरात आपली चूक कुठली ती दिसते. बहुतेकांची "लवकर सोडलं" हीच असते.

त्या माथाडी काकांच्या तळहाताला मी अर्धा मिली देऊन थांबले होते. ते डोळे मिटून होते. "टोचलेलं गेलं का?" विचारलं तर म्हणाले, "गेलं. आता द्या इंजेक्शन." दिलं होतं, सुई आतच होती. त्यांच्या नावापुढे त्या दिवशी एकही रेघ नव्हती, आणि दहाव्या दिवशी टाके काढायला ते सकाळी नऊच्या आधीच येऊन बाकावर बसले होते.